पार्श्वभूमी : ट्रान्स कुमारांच्या अद्भुतकथा आणि एका शिक्क्याची सहा वर्षं

देह पालटण्याच्या गोष्टी जुन्याच आहेत. शिखंडीला यक्षाने आपलं पुरुषत्व दिलं ते लग्न अंगाशी आल्यावर. रोमन कवी ओव्हिडच्या काव्यात मुलगा म्हणून वाढवलेल्या इफिसला देवी खराखुरा मुलगा करते, तेही लग्न उद्यावर आलेलं असताना. दोन्हीकडे अडचण सोयरिकीची आणि देहबदल हा त्यावरचा तोडगा. ओझ या जादुई देशावरच्या अमेरिकी बालकथामालेतल्या दुसऱ्या, १९०४ सालच्या पुस्तकात टिप नावाच्या मुलाला शेवटी कळतं की आपण मुळात राजकन्या, चेटकिणीने मुलगा करून ठेवलेली. अनेक ट्रान्स वाचक (जन्माच्या वेळी ठरवलेलं लिंग ज्यांना आपलं वाटत नाही असे) या प्रसंगावर हक्क सांगतात. तो हक्क मला थोडा ओढूनताणून वाटतो. आपण मुलगी आहोत असं टिपला आतून कधी वाटलेलंच नसतं, निकाल बाहेरून लागतो.

कुमारवयीन ट्रान्स व्यक्ती कथेच्या मध्यभागी यायला बराच काळ गेला. २००४ मध्ये अमेरिकेत एका मोठ्या प्रकाशनगृहाने काढलेली ‘लूना’ ही कादंबरी सहसा पहिली मानली जाते. ती अद्भुतकथा नाही, आणि तिची निवेदकही ट्रान्स मुलगी नव्हे, तिची बहीण आहे. पुढची दहाएक वर्षं याच वळणाची पुस्तकं येत राहिली. आधी गुपित, मग ते फुटणं, मग घरातला हलकल्लोळ. पात्राचं ट्रान्स असणं हेच कथानक, त्यामुळे बाकी काही घडायला जागाच उरत नसे.

फॅन्टसीने ही कोंडी फोडली, पण एक नवा प्रश्न उभा केला : जादू हाताशी असताना नायक स्वतःचा देह बदलून का घेत नाही? २०१७ च्या एका सुपरहिरो कादंबरीने हा प्रश्न सुरुवातीलाच निकालात काढला. मरणाऱ्या सुपरहिरोची शक्ती पंधरा वर्षांच्या ट्रान्स मुलीकडे येते, त्यासरशी तिला हवा तो देह मिळतो आणि खरी लढाई तो उलटवायला निघालेल्या बापाशी सुरू होते. २०१९ च्या एका छोट्या कादंबरीने प्रश्नच उठू दिला नाही. तिथली मुलगी ट्रान्स आहे हे आईवडिलांनी लहानपणीच मान्य केलंय, आता गाठ राक्षसाशी आहे. २०२० मध्ये सर्वाधिक खपाच्या यादीत पोचलेल्या ‘सिमेटरी बॉईज’मध्ये मृतात्म्यांशी व्यवहार करणाऱ्या एका समाजात पुरुषांची विद्या वेगळी, बायकांची वेगळी. घरचे ट्रान्स मुलाला पुरुषांचा संस्कार करू देत नाहीत, तो चोरून करतो आणि देवी त्याला स्वीकारते. देवीने मान्य केल्यावर नातेवाइकांच्या नकाराला किती किंमत उरते? हा पेच वास्तववादी कादंबरीला मांडताच आला नसता.

हीच वर्षं ‘ओन व्हॉइसेस’ या शब्दाची. सप्टेंबर २०१५ मध्ये एका डच लेखिकेने ट्विटरवर हा हॅशटॅग सुचवला. अर्थ सरळ होता : वंचित गटातलं पात्र, आणि लेखकही त्याच गटातला. वाचकांनी एकमेकांना पुस्तकं सुचवताना वापरावी, एवढीच ती खूण होती. गरजही खरी होती, कारण तोवर ट्रान्स मुलांबद्दलची बरीच पुस्तकं ट्रान्स नसलेल्यांनी लिहिलेली होती. वर उल्लेखलेल्या २०१७ ते २०२० मधल्या तिन्ही पुस्तकांचे लेखक मात्र स्वतः ट्रान्स किंवा नॉनबायनरी (स्वतःला फक्त स्त्री किंवा फक्त पुरुष न मानणारे) आहेत.

पण खुणेचा शिक्का व्हायला वेळ लागला नाही. हस्तलिखित पाठवताना लेखक तो लावू लागले, एजंट तो मागू लागले, प्रकाशक जाहिरातीत छापू लागले. मग उलटतपासणी सुरू झाली. शिक्का नसेल तर तुम्ही कोण, हे लिहिण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? जी व्यक्ती अजून घरीही काही बोललेली नाही, तिने उत्तर काय द्यायचं? गप्प बसली तर उपरी ठरते, बोलली तर उघडी पडते. जानेवारी २०२० मध्ये एका विज्ञानकथा मासिकातल्या कथेवरून (ती कुमारांसाठी नव्हती) लेखिकेच्या हेतूवर इतका गदारोळ झाला की कथा तिच्याच विनंतीवरून मागे घेतली गेली आणि ती ट्रान्स असल्याचं संपादकांना जाहीर करावं लागलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये समलिंगी कुमारांवर लिहिणाऱ्या एका लोकप्रिय लेखिकेने, आपण बायसेक्शुअल आहोत हे सततच्या संशयापायी सांगावं लागतंय, असं जाहीरपणे लिहिलं.

जून २०२१ मध्ये बालसाहित्यातल्या वैविध्यासाठी काम करणाऱ्या एका अमेरिकी संस्थेने हा शब्द वापरणं थांबवलं. शब्द ढगळ झालाय, लेखक स्वतःची ओळख ज्या शब्दांत सांगतो तेच वापरू, अशी तिची भूमिका. काहींना हे धोक्याचं वाटलं. शिक्का गेला की प्रकाशक मोकळे सुटतील आणि पुन्हा बाहेरच्यांच्याच कथा छापतील, अशी त्यांची भीती. ती अगदीच बिनबुडाची नव्हती. तरी निर्णय योग्यच होता, उलट दोनेक वर्षं उशिरा झाला, असं मला वाटतं. ज्या खुणेपायी माणसाला स्वतःबद्दल खोटं किंवा खरं सांगण्याची सक्ती होते, ती वाचकाच्या कामाची राहिलेली नसते.

शिक्क्याचा वाद निवतो न निवतो तोच शाळांच्या ग्रंथालयांतला वाद भडकला. त्याची चाहूल आधीच लागली होती : ट्रान्स मुलीवरचं लहान मुलांसाठीचं एक वास्तववादी पुस्तक २०१८, २०१९ आणि २०२० अशी सलग तीन वर्षं अमेरिकेतल्या सर्वाधिक आक्षेप आलेल्या पुस्तकांच्या यादीत पहिलं होतं. (मुलीने टाकलेलं जुनं नाव शीर्षकात होतं. पुढे ते काढून तिचं स्वतःचं नाव दिलं गेलं.) ऑक्टोबर २०२१ मध्ये टेक्ससच्या एका आमदाराने सुमारे ८५० पुस्तकांची यादी तिथल्या शाळा-विभागांना धाडली. यातली कोणती पुस्तकं तुमच्याकडे आहेत, किती प्रती आणि त्यांवर किती पैसे खर्चले, असं त्याने विचारलं होतं. लेखक कोण, याची चौकशी त्या पत्रात नव्हती.