अ‍ॅम्लोडिपिन : गोळी आणि तिचा सुरक्षित वापर

अ‍ॅम्लोडिपिन हे उच्च रक्तदाबावरचे, दिवसातून एकदा घ्यायचे औषध असून ते ‘कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर’ गटात मोडते. २.५, ५ आणि १० मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात. हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखते त्या हृदयशूळासाठीही ते देतात. फायझर कंपनीने विकसित केलेल्या या औषधाला अमेरिकेत १९९२ मध्ये मान्यता मिळाली. आज ते जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. या उपक्रमात बहुतेक ठिकाणी उपचाराची सुरुवात अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमनेच होते. त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रातून ‘बीपीची गोळी’ म्हणून हातात पडते ती बहुधा हीच.

हृदयाकडून रक्त नेणाऱ्या रोहिणीच्या भिंतीतल्या स्नायूपेशींत कॅल्शियम शिरले की स्नायू आकुंचन पावतो. अ‍ॅम्लोडिपिन ही वाट अडवते, रोहिण्या सैलावतात आणि दाब उतरतो. हे काम सावकाश चालते. गोळी घेतल्यावर रक्तातली पातळी शिखरावर पोचायला ६ ते १२ तास लागतात, आणि ती निम्म्यावर यायला ३० ते ५० तास. रोज गोळी घेतली तर पातळी स्थिरावण्यात आठवडाभर जातो. ‘चार दिवस झाले, गोळी लागू पडत नाही’ म्हणून डॉक्टर बदलणारे इथेच फसतात.

याच संथपणामुळे अचानक वाढलेल्या आकड्यावर जादा गोळी घेणे निरर्थक ठरते. संध्याकाळी घरच्या यंत्रावर १७० दिसले म्हणून घेतलेल्या गोळीचा जोर येईल तो पहाटे, आणि तोवर सकाळच्या नेहमीच्या गोळीची वेळही झालेली असेल. आकडा चढा दिसला तर पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे आणि पुन्हा मोजावे. मोजण्याआधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू किंवा जिना चढणे झालेले नसावे. पट्टा दंडावर, उघड्या कातडीवर आणि हृदयाच्या पातळीत हवा. मात्र आकडा १८० / १२० च्या वर असून छातीत दुखत असेल, धाप लागली असेल, बोबडी वळत असेल किंवा एक बाजू लुळी पडत असेल, तर मोजत न बसता रुग्णालय गाठावे. एकेकाळी याच कुळातल्या निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली ठेवायची पद्धत दवाखान्यांतून सर्रास होती. दाब एकदम कोसळून अर्धांगवायू आणि हृदयविकाराचे झटके आल्याची उदाहरणे जमा झाली, आणि १९९६ मध्ये तज्ज्ञांनी ती प्रथा थांबवण्याची मागणी केली.

गोळी जेवणाआधी की नंतर, याला महत्त्व नाही. सकाळी की रात्री, हा वादही बराचसा निकालात निघाला आहे : ब्रिटनमध्ये २१ हजारांवर रुग्णांना घेऊन झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रक्तदाबाच्या गोळ्या सकाळी घेणारे आणि रात्री घेणारे यांच्यात हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यूच्या प्रमाणात फरक आढळला नाही. जी वेळ चुकत नाही ती योग्य. एकादशीला किंवा चतुर्थीला ‘आज उपास, म्हणून गोळी नाही’ हा प्रकार घरोघर चालतो. उपाशीपोटीही ही गोळी पाण्याबरोबर खुशाल घेता येते. गोळी विसरली आणि १२ तासांच्या आत आठवली तर घ्यावी, त्यानंतर आठवली तर सोडून द्यावी. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

एखादा दिवस चुकला तरी अ‍ॅम्लोडिपिन सांभाळून घेते. धोका त्यापुढचा आहे. गोळी बंद केल्यावर पहिले दोन-तीन दिवस काहीच जाणवत नाही, आकडाही बरा असतो आणि ‘गोळीशिवाय बीपी नॉर्मल’ असा समज होतो. पुढच्या आठवड्यात दाब कुठलेही लक्षण न दाखवता पूर्वपदावर जातो.

प्रत्यक्षात सर्वाधिक घोटाळा गोळीच्या गुणधर्मांत नसून नावांत होतो. भारतात हे औषध शेकडो नावांनी विकले जाते, आणि नावापुढची दोन अक्षरे औषधच बदलतात. अ‍ॅम्लोकाइंड म्हणजे नुसते अ‍ॅम्लोडिपिन. अ‍ॅम्लोकाइंड-एटी मध्ये अ‍ॅटेनोलॉल हे रक्तदाबाचे आणखी एक औषधही असते. अ‍ॅटेनोलॉल नाडीचा वेग कमी करते, दम्याच्या रुग्णाला त्रासदायक ठरू शकते आणि एकदम सोडले तर दाब व छातीतले दुखणे उसळू शकते. म्हणजे साधी गोळी एक दिवस राहिली तर चालते, ही मुभा ‘एटी’वाल्या गोळीला लावता येत नाही. टेल्मा, टेल्मा-एच आणि टेल्मा-एएम यांचेही तसेच : पहिल्यात एकटे टेल्मिसार्टन (रक्तदाबाचेच वेगळे औषध), दुसऱ्यात त्याच्या जोडीला लघवी वाढवणारे औषध, तिसऱ्यात अ‍ॅम्लोडिपिन. रुग्णालयातून घरी आलेल्या माणसाच्या डिस्चार्ज कार्डावर टेल्मा-एएम लिहिलेले असते, फॅमिली डॉक्टरांनी दिलेली जुनी अ‍ॅम्लोडिपिनची गोळी डब्यात तशीच असते, आणि तो दोन्ही इमानेइतबारे घेतो. दोन्हींत ५-५ मिलिग्रॅम असले तर नकळत मात्रा १० झाली. एस-अ‍ॅम्लोडिपिनची आणखी वेगळी गंमत. त्यात रेणूचे फक्त परिणामकारक रूप असल्याने २.५ मिलिग्रॅमची गोळी साध्या ५ च्या बरोबरीची धरतात. आकडा सारखा दिसला म्हणून एकीऐवजी दुसरी घेता येत नाही. उपाय एकच : डब्यातली प्रत्येक स्ट्रिप घेऊन डॉक्टरांकडे जाणे, आणि ठळक ब्रँडनावाऐवजी बारीक अक्षरातले औषधाचे नाव वाचणे.

दुष्परिणामांत घोट्याची सूज सर्वांत जास्त दिसते. संध्याकाळी मोज्याचा वळ उमटतो, चप्पल घट्ट होते. १० मिलिग्रॅमवर ती अधिक, आणि स्त्रियांमध्ये जास्त. रोहिण्या सैलावतात पण शिरा तितक्या सैलावत नाहीत, त्यामुळे केशवाहिन्यांतला दाब वाढून द्रव ऊतींत झिरपतो. ही सूज शरीरात पाणी साचल्याची नसल्यामुळे लघवीच्या गोळीने फारशी उतरत नाही. तरीही ती गोळी वाढवली जाते, मग सोडियम-पोटॅशियम बिघडते, मग त्यावर आणखी एक औषध. मात्रा कमी करणे किंवा टेल्मिसार्टनसारख्या औषधाची जोड देणे हा सरळ मार्ग, अर्थात डॉक्टरांच्या सल्ल्याने. एकाच पायावरची, दुखणारी सूज किंवा धाप लागण्यासह आलेली सूज मात्र गोळीच्या माथी मारून सोडून देऊ नये. सुरुवातीला डोके दुखणे, चेहरा तापल्यासारखा होणे, धडधड हे बहुधा काही दिवसांत ओसरते. क्वचित हिरड्या फुगतात. दाताच्या डॉक्टरांना ही गोळी चालू असल्याचे सांगावे.

अ‍ॅम्लोडिपिनचा निचरा यकृतातून होतो. म्हणून यकृताच्या रुग्णांत आणि वृद्धांत २.५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात. मूत्रपिंडाच्या विकारात सहसा मात्रा बदलावी लागत नाही. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक निचरा रोखते आणि दाब धोकादायकरीत्या खाली जाऊ शकतो. क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन याच्या उलट वागते : उपचार चालू असताना रक्तदाब आटोक्यात राहत नाही, मात्रा वाढवली जाते, आणि रिफॅम्पिसिन थांबल्यावर तीच मात्रा जड जाते. कोलेस्टेरॉल उतरवणारे सिम्व्हास्टॅटिन बरोबर असेल तर ते २० मिलिग्रॅमच्या वर नसावे. ग्रेपफ्रूट टाळायला सांगतात. त्याच्या नात्यातल्या पपनसाबाबतही तोच हात राखलेला बरा. संत्री-मोसंबीला हरकत नाही.

दाब वाढवणाऱ्या गोष्टी मात्र घरातच असतात. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेले डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन, सर्दीच्या गोळीतले फेनिलेफ्रिन, आणि पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांतले सोडियम ही त्यांतली ठळक. खोकल्यासाठी किंवा आवाजासाठी ज्येष्ठमधाची काडी दिवसच्या दिवस चघळणाऱ्यांनी तर विशेष जपावे, कारण ज्येष्ठमध दाब वाढवतो आणि पोटॅशियम उतरवतो. ‘आयुर्वेदिक आहे’ म्हणून डॉक्टरांना सहसा हे सांगितले जात नाही.

गरोदर असलेल्या किंवा गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रियांनी आधी डॉक्टरांशी बोलावे. त्या काळात लॅबेटॅलॉल, मेथिलडोपा किंवा निफेडिपिन या रक्तदाबाच्या औषधांचा अनुभव अधिक आहे. महाधमनीची झडप फार अरुंद झालेल्या रुग्णांत हे औषध जपून देतात.

कायद्याने ही गोळी ‘शेड्यूल एच’ मध्ये येते, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाही; स्ट्रिपवरची उभी लाल रेघ त्याचीच खूण. दुकानदार चार गोळ्या कापून देतो तेव्हा नाव आणि मुदतीची तारीख बरेचदा उरलेल्या तुकड्यावर राहते, म्हणून पूर्ण स्ट्रिप घ्यावी. गोळीला प्रकाश मानवत नसल्याने महिनाभराच्या गोळ्या सोलून पारदर्शक बरणीत भरू नयेत. लहान मुलाच्या हाती लागू न देणे सर्वांत महत्त्वाचे. मुलाने एक गोळी गिळली किंवा मोठ्या माणसाने चुकून बऱ्याच घेतल्या, तर ‘अजून ठीक आहे’ म्हणून वाट पाहू नये. परिणाम काही तासांनी सुरू होऊन दिवस-दोन दिवस टिकतात, आणि हे औषध डायलिसिसनेही निघत नाही. रिकामी स्ट्रिप बरोबर घेऊन लगेच मोठ्या रुग्णालयात जावे.