ताउ ह्वे

ताउ ह्वे : सोयाबीनचे दूध दह्यासारखे गोठवून केलेला, पाकाबरोबर चमच्याने खायचा मऊ गोड पदार्थ. हे नाव होक्किएन या चिनी बोलीतले आहे. मँडरिनमध्ये याला ‘दोउहुआ’ आणि कँटोनीजमध्ये ‘दाउ फू फा’ म्हणतात. चीनखेरीज तैवान, हाँगकाँग, मलेशिया, सिंगापूर, थायलंड, व्हिएतनाम, इंडोनेशिया येथेही तो घरोघर ठाऊक आहे. फिलिपीन्समध्ये त्याला ‘ताहो’ म्हणतात आणि फेरीवाले तो सकाळीच हाळी देत विकतात. उत्तर चीनमध्ये हाच पदार्थ खारट रश्शाबरोबर खातात. प्रस्तुत नोंद गोड प्रकाराची, तीही मुख्यतः सिंगापूरमधली आहे. कारण जुनी आणि नवी अशा दोन्ही तऱ्हा चाखून पाहायला याहून सोयीचे शहर नाही.

मराठी वाचकाला ओळख पटवायची तर खरवस आठवावा. मात्र खरवसाची वडी पडते, ताउ ह्वेची पडत नाही. ते टोफूचेच भावंड आहे, पण टोफू फडक्यात बांधून, दाबून, पाणी काढून घट्ट करतात. इथे गोठलेले दूध न मोडता, न दाबता तसेच वाढतात. टोफूचा शोध चीनमधील ह्वाइनानचा राजपुत्र लिउ आन (इ.स.पू. 179–122) याने लावला, अशी परंपरागत कथा आहे, तिला समकालीन पुरावा नाही.

जुनी पद्धत : सोयाबीन रात्रभर भिजवून पाण्याबरोबर वाटतात, चोथा गाळून दूध उकळतात. ही उकळी नीट यावी लागते. कच्च्या सोयाबीनमधील काही घटक पचनाला अडथळा करतात आणि ते उष्णतेनेच निकामी होतात. शिवाय तापल्यावर दुधातील प्रथिनांची घडी उलगडते, त्याशिवाय पुढे ती एकमेकांत गुंफली जात नाहीत. मोठ्या भांड्याच्या तळाशी थोड्या पाण्यात कालवलेले खाद्य जिप्सम, बऱ्याचदा जोडीला थोडा स्टार्च, ठेवतात आणि त्यावर गरम दूध उंचावरून एका दमात ओततात. ओतण्याच्या जोरानेच सगळे मिसळले पाहिजे. नंतर चमचा घातला की जाळी मोडते. जिप्सममधील कॅल्शियम प्रथिनांना बांधते आणि दहा-पंधरा मिनिटांत दूध थरथरत्या गोळ्यासारखे बसते. जिप्सम जास्त झाले तर जिभेवर खडूसारखी भुकटी जाणवते, कमी पडले तर दूध बसतच नाही. हातखंडा इथेच दिसतो.

वाढताना पसरट डावाने पातळ पापुद्रे काढून वाटीत एकावर एक रचतात व वरून साखरेचा पाक घालतात. सिंगापुरात पाकाला बऱ्याचदा पँडन या सुवासिक झाडाच्या पानांचा वास असतो. आल्याचा पाक, गुळासारखी गुला मलाका किंवा गिंकोच्या बिया हेही प्रकार आहेत. सोबत यू टिआओ, म्हणजे तळलेल्या पिठाच्या खुसखुशीत कांड्या, बुडवून खातात.

नवी पद्धत : 2010 नंतरच्या काही वर्षांत सिंगापुरात गार, पुडिंगसारख्या ताउ ह्वेची लाट आली. ओल्ड एअरपोर्ट रोड फूड सेंटरमधील ‘लाओ बान’ या गाळ्यापुढच्या रांगा त्या काळी गाजल्या. या तऱ्हेत साखर दुधातच असते, वेगळा पाक लागत नाही. गोठवण्यासाठी बरेच जण जिलेटिन किंवा आगर, म्हणजे आपले चायना ग्रास, वापरतात. सोयाच्या दुधात क्रीमरची, म्हणजे चहा-कॉफीत घालतात तसली दुधाळ, भुकटी घातली की पोत साईसारखा होतो आणि सोयाचा कच्चट वास झाकला जातो. बदाम, खरबूज, ड्युरियन असे स्वादही मिळतात. डब्यात भरून घरी नेता येते, पाणी फारसे सुटत नाही. हा मोठा व्यावहारिक फायदा आहे आणि तो कमी लेखू नये.

चव पारखताना : पहिला चमचा पाक न घालता घ्यावा. चांगल्या जुन्या पद्धतीच्या ताउ ह्वेला भिजवलेल्या ताज्या दाण्याचा गोडसर वास येतो, तो जिभेवर दाबल्याबरोबर विरतो आणि वाटीत थोडे पिवळसर पाणी सुटते. पाणी सुटणे हा दोष नव्हे. कॅल्शियमने बांधलेल्या जाळीतून ते सुटायचेच. नवा प्रकार चमच्यावर उड्या मारतो, गुळगुळीत घसरतो, आणि मागे दुधाळ गोडी राहते. आगर जास्त असेल तर तो विरत नाही, कणीदार तुटतो. ग्लुकोनो डेल्टा लॅक्टोन या आणखी एका गोठवणाऱ्या पदार्थाने पोत अतिशय तलम येतो, पण मागाहून किंचित आंबट झाक जाणवते; कारण तो हळूहळू आम्लात बदलूनच प्रथिने गोठवतो. जुन्या-नव्या दोन्ही तऱ्हांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे. तरीही सोयाची चव हवी असेल त्याने जुन्याकडेच वळावे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. नव्यात ती पुष्कळदा क्रीमरखाली हरवते.

शाकाहारी मंडळींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पदार्थ सोयाबीनचा असला तरी जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढतात, आणि क्रीमरमध्ये दुधाची प्रथिने असू शकतात. विक्रेत्याला विचारणे उत्तम. विचारता आले नाही तर गरम वाटी मागावी : जिलेटिन साधारण 35 अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळते, म्हणून वाफाळते आणि तरीही बसलेले ताउ ह्वे जिलेटिनवर बसवलेले नसते. गार वाटीवरून मात्र काहीच ठरत नाही, कारण जिप्समचे ताउ ह्वेही उन्हाळी दुपारी गार करून देतात.