लहर आणि तलफ

मार्च लागला की गोव्यात डिचोली-सत्तरीकडे काजूच्या भट्ट्या पेटतात आणि उर्राकचा, म्हणजे काजूच्या रसाच्या पहिल्या धारेच्या हलक्या दारूचा, वास रस्त्यावर येतो. फेणी ही त्याच रसाची कडक दारू. तिच्यात साधारण 42 टक्के अल्कोहोल, उर्राकमध्ये त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणून लोक ते सरबतासारखं पितात. लिंबाचा सोडा, चिमूटभर मीठ, चिरलेली हिरवी मिरची. एक ग्लास म्हणून बसलेला माणूस चौथा रिकामा करून उठतो, आणि घरी बायको म्हणते, "तुमचा मनावर ताबाच नाही." त्याच वाड्यावर दुसरा कुणीतरी असतो, ज्याला सीझनचं काही नाही. सकाळी चहाआधी थोडी पोटात गेल्याशिवाय त्याच्या हाताचा कंप थांबत नाही. कोकणीत दोघांनाही एकच शब्द, बेबदो. आम्ही मराठीत 'दारुडा' म्हणून तेच करतो.

खरं तर मराठीकडे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्याला लहर येते, दुसऱ्याला तलफ.

लहरीला निमित्त लागतं. शिगमो, मित्राची नवी गाडी, भट्टीवरून येणारा वास. घरी असताना या माणसाच्या मनात दारू नसतेही. समोर आली की आत्ताची मजा डोंगराएवढी दिसते आणि उद्याची डोकेदुखी मोहरीएवढी. त्यात दारू स्वतःच भर घालते. स्टील आणि जोसेफ्स या मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये मांडलं की प्यायल्यावर लक्ष आकसतं. समोरचं तेवढं दिसतं, लांबचं पुसट होतं. म्हणजे पहिला ग्लास घ्यायचा की नाही हे माणूस ठरवतो, चौथ्याचा निर्णय बराचसा आधीच्या तिघांनी घेतलेला असतो. अशाला "तिथे गेल्यावर आवर घाल" हा सल्ला फुकट. पैसे मोजके न्यायचे, रिकाम्या पोटी बसायचं नाही, न्यायला कुणाला किती वाजता यायचं ते आधीच सांगून ठेवायचं. ताबा ठेवायचा तो घरातून निघण्यापूर्वी.

तलफ घड्याळावर चालते. मला दुपारी चारला चहा नसला की डोकं धरतं. ही तिची अगदी गरीब बहीण. दारू मेंदूला शांत करते. रोज भरपूर मिळू लागली की मेंदू तोल सावरायला स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवतो. मग दारू थांबली की ती वाढवलेली उत्तेजना तेवढी उरते. घाम, थरथर, धडधड, झोप नाही. इथे मजा केव्हाच संपलेली असते. चव नकोशी झालेला, स्वतःचा राग येणारा माणूसही पितो, कारण न पिणं त्याहून वाईट वाटतं. लोकांना हेच पटत नाही. "एवढा त्रास होतो तर सोडत का नाही?" असं विचारतात. सोडण्याचाच तो त्रास असतो.

घोळ सगळ्यात महाग पडतो तो शपथेच्या वेळी. देवळात गाऱ्हाणं घालून शपथ घेण्याला मी हसत नाही. लहरीवाल्याला तिचा उपयोग होऊ शकतो, कारण निर्णय आधीच होतो आणि गावाला कळतो, त्यामुळे आग्रहही कमी होतो. पण वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने त्याच शपथेने एका दिवसात दारू तोडली तर ते जिवावर बेतू शकतं. काही तासांत कंप सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात. घरच्यांना वाटतं बाधा झाली. डॉक्टर त्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. ही सोडवणूक औषधं आणि थायमिन (ब-1 जीवनसत्त्व) यांसह, डॉक्टरांच्या नजरेखाली व्हायला हवी. त्यासाठी बांबोळीची मानसोपचार संस्था आहे, पण 'बांबोळीला नेलं' म्हटलं की लोक काय म्हणतील या भीतीने पेशंट घरीच ठेवला जातो.

हा फरक गोव्यातच झालेल्या एका अभ्यासात दिसतो. 'संगाथ' संस्थेच्या मंडळींनी 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या 377 पुरुषांवर तो केला, आणि 2017 मध्ये तो 'लॅन्सेट'मध्ये आला. समुपदेशन करणारे मानसोपचारातले तज्ज्ञ नव्हते, खास शिकवून तयार केलेली साधी माणसं होती. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 36 टक्के धोक्याच्या पातळीखाली आले. ते न मिळालेल्यांत 26 टक्के. यात पिण्याच्या सवयी तपासणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीत 12 ते 19 गुण मिळालेलेच घेतले होते. 20 किंवा त्यापुढचे, म्हणजे ज्यांना बहुधा दारूची शारीरिक गरज लागली आहे असे, या गटात नव्हते.

सीमा मात्र कुंपणासारखी पक्की नाही. लहरीच्या वाटेनेच पुष्कळजण तलफेपर्यंत पोचतात. उलट, दोन वर्षं थेंब न घेतलेल्याला भट्टीच्या वासाने तलफ येते, तेव्हा ती दिसायला अगदी लहरीसारखी असते.

त्या प्रश्नावलीत दहा प्रश्न आहेत. किती पिता, किती वेळा पिता हे सुरुवातीलाच विचारलंय, आणि त्यावर लोक हसत हसत कमी सांगतात. सहावा प्रश्न असा: आदल्या दिवशी भरपूर प्यायल्यावर सकाळी चालतं-फिरतं होण्यासाठी दारू लागली, असं गेल्या वर्षात किती वेळा झालं? उर्राकवाला इथे चटकन 'कधीच नाही' म्हणतो. दुसरा बायकोकडे बघतो.