दादर-वडाळा बंद, तर मुंबईचे किती तुकडे?

मुंबईच्या लोकलचा नकाशा जरा सोपा करून घेऊ. चर्चगेट, सीएसएमटी, दादर, वडाळा, माहीम, कुर्ला, ठाणे आणि वाशी हे आठ बिंदू, आणि त्यांना जोडणारे रेल्वेमार्ग या कडा: चर्चगेट-दादर, सीएसएमटी-दादर, सीएसएमटी-वडाळा, दादर-माहीम, वडाळा-माहीम, दादर-कुर्ला, वडाळा-कुर्ला, कुर्ला-ठाणे, कुर्ला-वाशी आणि ठाणे-वाशी. गणितात अशा जाळ्याला ग्राफ म्हणतात. मेट्रो आणि वसई-दिवा मार्ग बाजूला ठेवू. (मेट्रो-३ घेतली की सीएसएमटीवरून रेल्वेचं दादर टाळून पुढे जाता येतं आणि उदाहरणच मोडतं.)

एखाद्या रविवारी दादर आणि वडाळा या दोन्ही ठिकाणी असा मेगाब्लॉक घेतला की तिथून एकही गाडी जाणार नाही, तर सीएसएमटीहून वाशी गाठता येत नाही. दोन्हींपैकी एक जरी सुरू केलं तरी वाट मोकळी. म्हणून ही जोडी सीएसएमटी आणि वाशी यांच्यातला ‘मिनिमल सेपरेटर’ ठरते.

स्थानकांचा एखादा संच मिनिमल सेपरेटर आहे का, हे संगणकाकडून कसं तपासायचं? चटकन सुचणारा प्रोग्राम असा: संचातलं एकेक स्थानक पुन्हा सुरू करून बघा, तरीही जाळं तुटलेलंच असेल तर ते स्थानक जादा. दिसायला बिनचूक, पण फसवा. वडाळा सुरू केलं तरी दादर बंद असल्याने चर्चगेट एकटं पडलेलंच असतं. प्रोग्राम सांगतो, वडाळ्याची गरज नव्हती. वाशीच्या प्रवाशाला हे पटेल का? गोम अशी आहे की मिनिमलपणा कोणत्या दोन बिंदूंमध्ये तोडायचं यावर ठरतो. एका मिनिमल सेपरेटरच्या पोटात दुसरा, लहान सेपरेटर खुशाल असू शकतो.

म्हणून बिंदूंची प्रत्येक जोडी तपासत बसायचं का? नाही. संच काढून टाका आणि उरलेले तुकडे बघा. जो तुकडा संचातल्या प्रत्येक स्थानकाला थेट जोडलेला आहे तो ‘पूर्ण’. असे किमान दोन पूर्ण तुकडे निघाले तर संच मिनिमल, एरवी नाही. कारण सरळ आहे: संचातलं कुठलंही स्थानक परत ठेवलं तरी ते दोन तुकडे लगेच जोडले जातात.

आपल्या जोडीने चार तुकडे पडतात. चर्चगेट फक्त दादरला टेकतं. सीएसएमटी, माहीम आणि कुर्ला-ठाणे-वाशी हे तिन्ही पूर्ण. याउलट दादर आणि कुर्ला बंद केलं तर तीन तुकडे होतात, पण पूर्ण एकच, सीएसएमटी-वडाळा-माहीम. म्हणजे जाळं तुटलं, तरी संच मिनिमल नाही.

कोडही छोटं आहे. एका बिंदूपासून निघून शेजारी, मग त्यांचे शेजारी असा तुकडा पिंजून काढायचा. संचातला बिंदू लागला की ओलांडायचा नाही, नुसती नोंद करायची. नोंदी संचाइतक्या भरल्या की तुकडा पूर्ण. कुठलीही कड दोनपेक्षा जास्त वेळा बघावी लागत नाही, त्यामुळे लाखो कडांच्या जाळ्यावरही हे झटपट चालतं.

गॅब्रिएल डिरॅक (भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक यांचे सावत्र पुत्र) यांनी १९६१ मध्ये दाखवलं की ज्या ग्राफच्या प्रत्येक मिनिमल सेपरेटरमधले सगळे बिंदू एकमेकांना थेट जोडलेले असतात, त्यात चार किंवा अधिक बिंदूंचं एकही वर्तुळ (फिरून सुरुवातीच्या बिंदूवर येणारी वाट) मधल्या आडव्या कडेशिवाय, म्हणजे वर्तुळात शेजारी नसलेल्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या कडेशिवाय, नसतं. आपल्या नकाशात दादर-वडाळा थेट कड नाही, आणि सीएसएमटी-दादर-कुर्ला-वडाळा हे तसलंच आडव्या कडेविना वर्तुळ आहे.