रीफ टँक (घरगुती प्रवाळ-मत्स्यालय)

खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय, पण ज्यात मासे नंतर आणि जिवंत प्रवाळ म्हणजे कोरल आधी. मराठीत प्रवाळ म्हटलं की पटकन अंगठीतलं पोवळं आठवतं, पण त्या लाल पोवळ्याचा इथे संबंध नाही, ते कोरॅलियम रुब्रम, भूमध्य समुद्रात अंधाऱ्या कपारींत आणि खोल पाण्यात वाढणारं, त्याच्या अंगात शैवाल नसतं आणि घरच्या टँकमध्ये ते सहसा कोणी ठेवत नाही. टँकमधली कोरल्स बहुतेक उथळ उष्ण समुद्रातली, उजेडावर जगणारी असतात.

छंदवाले त्यांचे तीन गट पाडतात: सॉफ्ट, एलपीएस (मोठ्या पॉलिपची, म्हणजे वसाहतीतल्या एकेका जिवाची, कडक, उदा. युफिलिया) आणि एसपीएस (बारीक पॉलिपची कडक, उदा. अक्रोपोरा, माँटिपोरा). ही विभागणी वर्गीकरणशास्त्राला धरून नाही, झोअँथिड (बटणासारख्या पॉलिपचे प्राणी) आणि मश्रूम कोरल यांना सरसकट सॉफ्ट म्हणतात पण नात्याने ते कडक कोरल्सना जास्त जवळचे. तरी टँकपुरती ती कामाची आहे, कारण साधारण याच क्रमाने सांभाळायची अवघडाई वाढत जाते.

जगण्याची पद्धत : एक कोरल म्हणजे बहुतेकदा एक प्राणी नसून शेकडो-हजारो पॉलिपची वसाहत, प्रत्येक पॉलिपला एक तोंड, भोवती स्पर्शक आणि कडक कोरलमध्ये खाली चुन्याचा कप. पेशींच्या आत झूझँथेली हे एकपेशीय शैवाल राहतं (पूर्वी सगळं सिंबायोडिनियम या एकाच प्रजातीत (जीनसमध्ये) टाकायचे, २०१८ मध्ये त्याच्या अनेक प्रजाती केल्या, त्यामुळे जुन्या पुस्तकांतली नावं नव्याशी जुळत नाहीत). शैवाल उजेडात अन्न बनवतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं, बदल्यात त्याला कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि राहायला जागा मिळते. टॉमस गोरो यांनी १९५९ मध्ये जमैकातल्या कोरल्सवर किरणोत्सारी कॅल्शियम वापरून दाखवलं की उजेडात सांगाडा अंधारापेक्षा कितीतरी वेगाने बनतो. म्हणजे प्रकाश, शैवाल आणि चुना ही एकच साखळी आहे. पाणी तापलं की ही भागीदारी मोडते, शैवाल बाहेर पडतं आणि कोरल पांढरं पडतं, यालाच ब्लीचिंग म्हणतात. समुद्रात उन्हाळ्याच्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा जेमतेम १ अंश सेल्सिअस जास्त काही आठवडे टिकलं तरी ते सुरू होतं. टँकमध्ये २५ ते २६ अंश धरून चालतात.

इतिहास : बंद काचेच्या टाकीत कोरल पहिल्यांदा कोणी जगवलं यावर एकमत नाही, आणि उत्तर 'बंद' कशाला म्हणायचं यावर ठरतं. न्यू कॅलेडोनियातल्या नूमेआ इथे रने कॅटाला यांनी १९५६ मध्ये मत्स्यालय उघडलं आणि तिथे जिवंत कोरल्स, अतिनील दिव्याखाली चमकणारी सुद्धा, लोकांना दाखवली, पण तिथे समुद्राचं पाणी सतत आत येत होतं त्यामुळे घरगुती टँकचा पूर्वज म्हणून ते धरायला काही लोक तयार नसतात. इंडोनेशियातले ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली 'नैसर्गिक पद्धत' लिहून प्रसिद्ध केली: समुद्रातून आणलेला जिवंत दगड, समुद्राचंच पाणी, ऊन आणि हवेचे बुडबुडे, फिल्टर जवळजवळ नाहीच. दगडातले जिवाणू घाण पचवतात ही त्यातली खरी कल्पना, पण ताजं समुद्रपाणी हाताशी नसणाऱ्यांना ती तशीच्या तशी जमणं कठीण होतं.

पुढचं काम बरंचसं जर्मन भाषिक मंडळींनी केलं. पेटर विल्केन्स यांनी साधारण सत्तरच्या दशकात चुन्याच्या निवळीने, म्हणजे काल्कवासरने, कॅल्शियम भरून काढायची रीत रुजवली, आणि बर्लिनमधल्या हौशी लोकांनी, त्यात डीट्रिश श्ट्यूबर यांचं नाव हमखास येतं, जिवंत दगड, तगडा प्रोटीन स्किमर (बुडबुड्यांच्या फेसाने पाण्यातली घाण काढणारं यंत्र), भरपूर उजेड आणि काल्कवासर असं मिश्रण बसवलं, तीच बर्लिन पद्धत. अमेरिकेत मात्र १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेमुळे आधी ट्रिकल फिल्टरची लाट आली, प्लास्टिकच्या गोळ्यांवरून पाणी टपकवायचं, अमोनिया फटाफट नायट्रेट होतं पण ते नायट्रेट मग टाकीतच साठत राहतं. याशिवाय मोनॅकोत जाँ झोबेर यांची जाड वाळूखाली पाण्याची पोकळी ठेवायची पद्धत आणि स्मिथसोनियनमध्ये वॉल्टर अ‍ॅडी यांचं शैवालाच्या जाळीवर पाणी स्वच्छ करायचं तंत्र, दोन्हींचे निष्ठावंत आजही आहेत. आज सरसकट दिसणारा टँक बर्लिनचाच वंशज वाटतो. श्रेय वाटायचंच झालं तर दगड लींचा आणि रसायन जर्मनांचं असं म्हणायला हरकत नसावी.

पाण्याचं रसायन : इथे सगळ्यात जास्त टँक बसतात, म्हणून जरा सविस्तर. समुद्राच्या पाण्यात क्षारता दर हजारी ३५ (२५ अंशांना सापेक्ष घनता साधारण १.०२६), कॅल्शियम लिटरला ४१० ते ४२० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास आणि अल्कॅलिनिटी (मुख्यतः पाण्यातल्या बायकार्बोनेट-कार्बोनेटचं माप), जिला बोलताना नुसतं अल्क म्हणतात, जर्मन अंशांत म्हणजे डीकेएचमध्ये ७ च्या जवळपास. कोरल सांगाडा बनवतं तेव्हा कॅल्शियम आणि बायकार्बोनेट दोन्ही खर्च होतात, पण साठे सारखे नाहीत. हिशोब असा, २.८ डीकेएच खर्च झाले की कॅल्शियम साधारण २० मिलिग्रॅम उतरतं. टँक ८ डीकेएच आणि ४२० कॅल्शियमवर असेल तर तेवढ्यात अल्क ५.२ वर आलं, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त गेलं, आणि कॅल्शियम अजून ४००, त्याला काही झालंय असं वाटणारही नाही. म्हणून मोजायचं आधी अल्क. नवीन माणूस कॅल्शियमचं किट घेऊन बसतो आणि सगळं ठीक आहे म्हणतो, तोवर अक्रोपोराची टोकं जळालेली असतात.

मॅग्नेशियम थेट फार खर्च होत नाही, त्याचं काम वेगळं: ते चुन्याचे स्फटिक आपोआप वाढू देत नाही, ते कमी असलं की वरून कितीही कॅल्शियम आणि अल्क ओता, हीटरवर आणि पंपावर पांढरे थर बसतात आणि आकडे वर यायला तयार नसतात.

भरून काढायचे रस्ते तीन. काल्कवासर स्वस्त, त्याचा पीएच १२ च्या वर असतो म्हणून ते थेंबथेंब आणि शक्यतो रात्री सोडतात, कारण दिवे बंद झाले की प्रकाशसंश्लेषण थांबून टँकचा पीएच तसाही उतरतो. कॅल्शियम रिअ‍ॅक्टरमध्ये कार्बन डायऑक्साइडने पाणी आम्लधर्मी करून अ‍ॅरगोनाइटचे (चुन्याच्या खनिजाचे) खडे विरघळवतात, मोठ्या टाकीला बरं. तिसरी हान्स-व्हेर्नर बालिंग यांची, नव्वदच्या दशकातली: कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम बायकार्बोनेट वेगवेगळं द्यायचं आणि मागे उरणाऱ्या मिठाचा तोल मीठविरहित, म्हणजे सोडियम क्लोराइड नसलेल्या क्षारमिश्रणाने राखायचा. डोसिंग पंप स्वस्त झाल्यापासून बहुतेक लोक हीच धरतात.

आकडा नेमका किती यावर वाद चालू असतात, कोणी ७ म्हणतं कोणी ९, पण ७ वर वर्षभर स्थिर असलेला टँक आज ८ उद्या १० करणाऱ्यापेक्षा चांगला दिसतो हे बहुतेकांना मान्य आहे. बऱ्याच सॉल्ट मिक्सचं अल्क समुद्रापेक्षा बरंच जास्त येतं, त्यामुळे एकदम मोठं पाणी बदललं की तीच उडी बसते, आणि माणूस म्हणतो पाणी बदललं तरी कोरल मेलं. तरी नाही, त्यामुळेच.

मीठ कालवायला आरओ-डीआयचंच (क्षार पूर्ण काढलेलं) पाणी, नळाच्या पाण्यातलं तांबं अपृष्ठवंशीयांना थोड्या प्रमाणातही मारक असतं (माशांच्या रोगावर तांब्याचं औषध चालतं, पण ते वेगळ्या टाकीत). बाष्पीभवनाने पाणी जातं, मीठ जात नाही, म्हणून टॉपअप गोड्या पाण्याने.

उजेड आणि प्रवाह : आधी मेटल हॅलाइड, मग टी-५ नळ्या, आता एलईडी. निळा भाग, साधारण ४०० ते ४८० नॅनोमीटर, महत्त्वाचा. सॉफ्टला कमी, एसपीएसला जास्त, आणि नवीन आणलेलं कोरल एकदम वर ठेवायचं नाही, खालून हळूहळू चढवायचं. प्रवाह सरळ धारेसारखा नको, उलटसुलट हवा, त्याने अंगावरचा श्लेष्म आणि गाळ निघतो आणि वायूंची देवाणघेवाण होते.

नायट्रेट-फॉस्फेट : नव्वदच्या दशकापासून बराच काळ दोन्ही शून्याला नेणं हेच ध्येय मानायचे, व्होडका ओतून जिवाणू वाढवायचे आणि ते स्किमरने काढायचे इथपर्यंत. २०१३ मध्ये साउथहॅम्प्टनच्या यॉर्ग वीडेनमान आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नायट्रोजन जास्त आणि फॉस्फेट अपुरं असं झालं तर कोरल उष्णतेला आणि उजेडाला जास्त लवकर ब्लीच होतं. समुद्रातल्या प्लवकांचं रेडफील्ड प्रमाण, कार्बन १०६ नायट्रोजन १६ फॉस्फरस १, हे लोक टँकच्या पाण्यालाही लावतात, ते तसंच्या तसं लागू पडतं असं समजायचं कारण नाही. शून्य मात्र टाळावं, कारण तिथेच तपकिरी चिकट डायनोफ्लॅजेलेट पसरतात, आणि अल्क चढं असताना शून्य असेल तर टोकं जळायचा धोका आणखी वाढतो.

रोग आणि कीड : ऊती भराभर सोलल्यासारख्या निघणं याला आरटीएन (रॅपिड टिश्यू नेक्रोसिस) म्हणतात. अक्रोपोरा खाणारे चपटे किडे आणि आयप्टेशिया (भराभर पसरणारं छोटं समुद्रफूल) हे सगळ्यात वैतागवाणे पाहुणे, नवीन आलेला तुकडा आधी औषधी पाण्यात बुडवून मगच टाकायचा.

फ्रॅगिंग : कोरलचा तुकडा तोडून सायनोअ‍ॅक्रिलेट जेलने प्लगवर (छोट्या बैठकीवर) चिकटवला की काही आठवड्यांत तो धरतो. कडक कोरल्स साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये असल्याने देशाबाहेर नेताना परवाना लागतो, त्यामुळेही घरच्या फ्रॅगची अदलाबदल वाढली. झोअँथिड, विशेषतः पॅलिथोआ, कापताना चष्मा आणि हातमोजे हवेतच: १९७१ मध्ये हवाईतून वेगळं केलेलं पॅलिटॉक्सिन हे जहाल विष त्यांच्यात असू शकतं, आणि ते चिकटलेला दगड साफ करायला उकळला तर वाफेतूनही बाधा होते, घरातल्या सगळ्यांना.