एचआयव्हीतील थकवा व स्वकाळजी (कोकण किनारपट्टी)

एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीला रात्रभर झोपूनही न उतरणारी गळाठ येते, तिला येथे थकवा म्हटले आहे. कामाचा शीण विश्रांतीने जातो, हा जात नाही. व्हायरल लोड (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) आटोक्यात असणाऱ्यांनाही तो जाणवतो, म्हणून आजार बळावला असे लगेच समजू नये. ‘असेच चालायचे’ म्हणून सोडणेही तितकेच चुकीचे. रक्तक्षय, क्षयरोग, बिघडलेली झोप, नैराश्य, थायरॉइड, ब-१२ ची कमतरता किंवा एखादे औषध, असे कारण बरेचदा सापडते.

ते शोधायला वही लागते. दोन आठवडे रोज एक ओळ लिहावी: झोपल्याची व उठल्याची वेळ, गोळीची वेळ, जेवण, जड काम आणि सकाळ-संध्याकाळ थकव्याला ० ते १० पैकी गुण. दिवसभर चिखलात वाकून लावणी केली की दुसऱ्या दिवशी ८ गुण पडणारच. घरी बसूनही सकाळी ७ पडत असतील तर ती वही एआरटी केंद्रात (एचआयव्हीवरील औषधे देणाऱ्या केंद्रात) दाखवावी. खोकला, ताप, रात्री घाम किंवा वजनात घट यांपैकी काहीही असेल तर क्षयरोगाची तपासणी आधी. पावसाळ्यात शेतातल्या पाण्यात उतरणाऱ्याला ताप आणि अंगदुखी आली तर ते लेप्टोही (दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) असू शकते, तेव्हा वाट पाहू नये.

सरकारी केंद्रांत एआरटी १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळते. सध्या बहुतेक प्रौढांना टेनोफोविर ३००, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम अशी एकच गोळी रोज असते. डोल्युटेग्राव्हिरने काहींची झोप उडते, अशांनी केंद्राला विचारून गोळी सकाळी घ्यावी. जुन्या उपचारातील झिडोव्ह्युडिनने रक्त कमी होऊ शकते. हमखास होणारी गफलत वेगळीच: थकवा आला म्हणून लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी रिकाम्या पोटी एआरटीसोबतच गिळली जाते. त्याने डोल्युटेग्राव्हिर नीट शोषले जात नाही. एआरटीची गोळी लोहाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी, नाहीतर दोन्ही भरपेट जेवणासोबत. ॲसिडिटीच्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमयुक्त औषधाला मात्र जेवणाची सवलत नाही, अंतर ठेवायचेच.

बोटीवरच्या खलाशाने घरी आणि दर्यावर, दोन्हीकडे आपण जागे असू अशी गोळीची एकच वेळ ठरवावी. गोळ्या मूळ डबीतच, आतली ओल शोषणारी पुडी न काढता, झाकण घट्ट लावून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवाव्यात. फेरी लांबली तर पुराव्यात म्हणून चार दिवसांच्या जास्त घ्याव्यात.

आहारासाठी बाजारच्या टॉनिकची गरज नाही. सकाळी नाचणीची आंबील किंवा उकड्या तांदळाची पेज, दुपारी कुळथाची पिठी-भात आणि मासे. तिसऱ्यांत (शिंपल्यांत) लोह चांगले असते, पण त्या पूर्ण शिजलेल्याच खाव्यात. कच्ची-अर्धी कालवे टाळावीत. चहा जेवणानंतर तासाभराने, कारण तो लोह अडवतो. ताटात लिंबाची फोड असावी.

काम तुकड्यांत वाटावे: वीस मिनिटे काम, पाच मिनिटे बसणे, आणि तेही दम लागण्याआधी. विहिरीचे पाणी, लाकडे, बाजार एकाच सकाळी काढू नयेत. चालणे रोज दहा मिनिटांपासून सुरू करून दर आठवड्याला दोन मिनिटे वाढवावे. दुसऱ्या दिवशी गुण दोनने चढले तर मागच्या आठवड्याच्या वेळेवर यावे. दुपारची झोप अर्ध्या तासापुढे गेली की रात्रीची बिघडते.

गणपतीत घर भरलेले असते, चाकरमानी येतात, गोळी लपवताना चुकते. आठवली की लगेच घ्यावी, पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत. वाडीत कोणी ‘एवढा का दमतोस?’ विचारलेच, तर ‘रक्त कमी आहे’ एवढे पुरे. एचआयव्हीबद्दल सांगायची सक्ती २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने कोणालाच करता येत नाही, अपवाद फक्त न्यायालयाच्या आदेशाचा. मोफत सल्ल्यासाठी हेल्पलाइन १०९७ आहे.