निर्बंधित देशातील प्रवेशाच्या कायदेशीर अटी

संयुक्त राष्ट्रे, एखादा राष्ट्रगट किंवा एकटे राष्ट्र ज्या देशावर आर्थिक व व्यापारी निर्बंध घालते, त्या देशात कायद्याने जाण्यासाठी प्रवाशाला ज्या अटी पाळाव्या लागतात त्या. इराण, रशिया, क्यूबा आणि उत्तर कोरिया ही यातली नेहमीची उदाहरणे.

निर्बंध म्हणजे प्रवासबंदी, असा समज कोल्हापुरात अनेकदा ऐकू येतो. तो चुकीचा आहे आणि त्यापायी खरी अडचण कुठे आहे तिकडे लक्ष जात नाही. निर्बंधांचा रोख पैसा, माल आणि ठरावीक व्यक्तींवर असतो. सुरक्षा परिषदेच्या ठरावांत जी प्रवासबंदी येते, ती यादीत नाव असलेल्या माणसांपुरती. वैद्यकीय शिक्षणासाठी रशियाला निघालेल्या विद्यार्थ्याशी तिचा संबंध नाही.

भारत सुरक्षा परिषदेचे निर्बंध १९४७ च्या संयुक्त राष्ट्रे (सुरक्षा परिषद) कायद्याखाली अमलात आणतो. अमेरिकेचे किंवा युरोपीय संघाचे एकतर्फी निर्बंध मात्र भारत मानत नाही. त्यामुळे भारतीय पासपोर्टवर तेहरान वा हवाना गाठणे हा आपल्याकडे गुन्हा नाही. येमेन हा ठळक अपवाद. तिथल्या युद्धामुळे केंद्र सरकारने २०१७ मध्ये भारतीयांच्या येमेन प्रवासावर बंदी घातली आणि विशेष परवानगीशिवाय तिथे जाता येत नाही. ही बंदी निर्बंधांमुळे नाही, नागरिकांच्या जिवाच्या काळजीपोटी आहे. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ (उत्प्रवासाची, म्हणजे नोकरीसाठी परदेशी जाण्याची मंजुरी आवश्यक) असा शेरा असतो. असा माणूस इराक, लिबिया, सुदान, सीरिया अशा देशांत नोकरीला निघाला, तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार आधी मंजुरी घ्यावी लागते.

व्हिसाचे नियम ज्याचा देश त्याचे, आणि ते अचानक बदलतात. इराणने ४ फेब्रुवारी २०२४ पासून भारतीय पर्यटकांना व्हिसामाफी दिली होती. विमानाने यायचे, १५ दिवसांपेक्षा जास्त राहायचे नाही आणि सहा महिन्यांत एकदाच, अशा तिच्या अटी होत्या. नोकरीच्या किंवा पुढे तिसऱ्या देशात पोहोचवण्याच्या आमिषाने नेलेल्या काही भारतीयांचे तिथे खंडणीसाठी अपहरण झाले. त्यानंतर २२ नोव्हेंबर २०२५ पासून ही सवलत साध्या पासपोर्टधारकांसाठी स्थगित झाली. ‘व्हिसा लागत नाही’ हे एजंटचे जुने वाक्य ऐकून तिकीट काढणाऱ्याची वाट विमानात बसण्याआधीच अडू शकते. रशियाने ऑगस्ट २०२३ पासून भारतीयांना ई-व्हिसा खुला केला. तो पर्यटन, नातलगांची भेट, व्यवसाय अशा छोट्या कामांसाठी आहे. शिक्षणाला किंवा नोकरीला तो चालत नाही. भेटीच्या व्हिसावर गेलेल्या काही भारतीय तरुणांना रशियन सैन्यात ओढले गेले आणि सीबीआयने २०२४ मध्ये त्या साखळीवर गुन्हा नोंदवला. हा इतिहास ताजा असताना व्हिसावर लिहिलेले कारण स्वतः वाचल्याशिवाय पोराला विमानात बसवू नये. क्यूबा २०१० पासून प्रवाशाकडे वैद्यकीय विमा मागतो. काही विमा पॉलिसींत निर्बंधित देश वगळणारे कलम असते, ते आधी तपासावे लागते.

कोल्हापूरकराला पासपोर्टसाठी पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयाच्या अखत्यारीतले शहरातले टपाल खात्यातील केंद्र पुरते. इराण व रशिया यांचे वाणिज्य दूतावास मुंबईत आहेत, क्यूबाच्या कामासाठी मात्र दिल्ली गाठावी लागते. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाहून फक्त देशांतर्गत उड्डाणे असल्याने इमिग्रेशनची तपासणी मुंबईसारख्या मोठ्या विमानतळावर होते.

खरा पेच पैशाचा. परदेशातल्या बँकांनी दिलेली ‘व्हिसा’ आणि ‘मास्टरकार्ड’ या कंपन्यांची कार्डे मार्च २०२२ पासून रशियात चालत नाहीत. इराणमध्येही ती चालत नाहीत. म्हणजे लक्ष्मीपुरीतल्या बँकेचे कार्ड खिशात असूनही तेहरानच्या हॉटेलात त्याचा उपयोग नाही. रिझर्व्ह बँकेने ही अडचण नियमात धरलेली दिसते. बहुतेक देशांसाठी प्रवाशाला परकीय चलनाच्या नोटा एका भेटीत ३,००० डॉलरपर्यंतच मिळतात. इराक व लिबियासाठी ही मर्यादा ५,००० डॉलर आहे. इराण, रशिया आणि इतर सीआयएस (पूर्वीच्या सोव्हिएत संघातल्या) देशांसाठी तर मंजूर रक्कम पूर्णपणे रोखीत घेता येते. अनेक प्रवाशांना ही तरतूद माहीतच नसते आणि ते सवयीने फॉरेक्स कार्ड भरून निघतात. नोटा अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्याव्यात आणि पावती जपावी.

तिसऱ्या देशाचा कायदा कोल्हापुरातल्या घरात शिरतो तो अमेरिकेतल्या मुला-मुलींमुळे. वडील भारतीय पासपोर्टवर हवानाला पर्यटनाला जाऊ शकतात, पण ग्रीन कार्डधारक मुलगा तसा जाऊ शकत नाही. अमेरिकेचे क्यूबाविषयक नियम १९१७ च्या शत्रूशी व्यापार कायद्यातून आले आहेत आणि त्यात प्रवासाला सरसकट सूट नाही. ठरवून दिलेल्या १२ कारणांपैकी एक असावे लागते, आणि निव्वळ पर्यटन त्यात बसत नाही. इराणवरचे निर्बंध १९७७ च्या आणीबाणी आर्थिक अधिकार कायद्यावर उभे आहेत. त्यात प्रवासाचा नेहमीचा खर्च वगळलेला आहे. म्हणून तोच मुलगा इराणला जाऊ शकतो, पण तिथे व्यवसायाचा करार करू शकत नाही. उत्तर कोरियाबाबतचे अमेरिकी नियम आणखी कडक: सप्टेंबर २०१७ पासून अमेरिकी पासपोर्ट तिथे विशेष मान्यतेशिवाय ग्राह्य नाही. ब्रिटिश किंवा जर्मन नागरिकत्व घेतलेल्या नातलगाने १ मार्च २०११ नंतर इराण वा सीरियाला भेट दिली असेल, तर काही अपवाद सोडता त्याला अमेरिकेची व्हिसामाफी मिळत नाही, रीतसर व्हिसा काढावा लागतो. ज्या देशांच्या भेटीमुळे ही माफी जाते, त्यांच्या यादीत क्यूबाचे नाव जानेवारी २०२१ मध्ये आले. भारतीय अर्जदाराच्या डीएस-१६० या अमेरिकी व्हिसाच्या अर्जातही गेल्या पाच वर्षांत भेट दिलेल्या देशांची नावे विचारली जातात. तिथे इराण लपवणे हे इराणला जाण्यापेक्षा महागात पडते, कारण खोटे विधान व्हिसा नाकारण्याचे स्वतंत्र कारण ठरते.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्री उद्योजकांसाठी आणखी एक बाब आहे. व्हिसा माणसाला मिळतो, त्याच्या बॅगेतल्या मालाला नाही. काही सुटे भाग, यंत्रे आणि त्यांची तांत्रिक माहिती नागरी व लष्करी अशा दोन्ही कामांना येते. अशा वस्तू भारताच्या ‘स्कोमेट’ यादीत असल्या, तर त्या बाहेर नेण्यासाठी विदेश व्यापार महासंचालनालयाची परवानगी लागते. नमुना म्हणून सोबत नेलेल्या एका नगालाही हाच नियम लागू आहे.